काकू, धरायचं नाही

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण मी तिथे होतो. बाबांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर.

गेल्या सोमवारची दुपार. दवाखान्याचा तळमजला, व्यायामाची खोली. भक्क उजेड, भिंतभर आरसा. भुताखेतांची आठवणसुद्धा येऊ नये अशी जागा.

बाबांना झटका येऊन गेल्यापासून डावी बाजू त्यांचं ऐकत नाही. फिजिओ मॅडम दर महिन्याला तोल तपासतात. पाय जुळवून उभं राहायचं. डोळे मिटायचे. मॅडम समोरून छातीला हलका धक्का देतात, की आपणच पाऊल मागे टाकून सावरायचं.

घरचं कुणीतरी मागे उभं असतं, पडलेच तर झेलायला. पण आधीच धरायचं नाही. धरलं की तपासणी फुकट.

आई दर वेळी धरायची.

दोन बोटांच्या चिमटीत. शर्टाची पाठ.

"काकू, धरायचं नाही."

"मी कुठे त्यांना धरलंय? शर्ट धरलाय."

मॅडमपण हसायच्या.

आई मागच्या महिन्यात गेली. झोपेतच.

मग ताईने सांगूनच टाकलं, "या वेळी तोल जमला नाही तर बाबा माझ्याकडे. घराला कुलूप."

बाबांना घर सोडायचं नव्हतं. "ती आहे इथे," म्हणायचे. आम्ही विषय बदलायचो.

सोमवारी मागे मी उभा होतो. हात पसरलेले, कुठे टेकलेले नाहीत.

बाबांनी डोळे मिटले.

मॅडमनी धक्का दिला.

बाबांनी पाऊल टाकलंच नाही. ओंडक्यासारखे मागे आले... आणि मध्येच थांबले.

तिरके. तसं कुणाला उभं राहताच येत नाही.

माझे हात रिकामे होते.

मग दिसलं...

शर्टाची पाठ माझ्या दिशेने ओढली गेली होती. चिमटीत धरल्यासारखी.

मॅडमची नजर बाबांच्या पावलांवर होती. सवयीने बोलून गेल्या, "काकू, धरायचं नाही."

आणि दचकून वर बघितलं. चेहरा पांढराफटक.

शर्ट सुटला.

बाबा धाडकन माझ्या अंगावर आले. आम्ही दोघं खाली बसलो. लागलं कुणालाच नाही. बाबा लहान पोरासारखे रडायला लागले.

"कशाला सांगितलंत तिला? जमत होतं की आमचं."

मॅडम पाणी आणते म्हणून गेल्या, आल्या तेव्हा डोळे लाल होते.

तपासणीत बाबा नापास. उद्या ताई न्यायला येतेय.

आज बाबांचे कपडे भरत होतो. तो शर्ट सकाळी धुऊन मागच्या तारेवर टाकला होता. काढायला गेलो.

वारा नव्हता. बाकीचे कपडे सरळ लोंबत होते.

शर्टाची पाठ तेवढी... मागे ओढलेली.

मी धरून खेचला. येईना. जोर लावला, तरी येईना.

बाबा काठी टेकत दारापर्यंत आले होते.

मग म्हणाले, "राहू दे रे तिच्याकडे."

बॅग बंद केलीय. शर्ट तारेवरच आहे.

मागचं दार लावायचं राहिलंय... मला लावायला जाववत नाहीये.