डचेसच्या दुधाचा चोर

“ओढ, एनक, ओढ! जोर लाव की लेका!” डग्गी ओरडला.

“नुसता जोर लावून दूध येत असतं, तर आत्तापर्यंत लोणी काढलं असतं!” एनक घाम पुसत म्हणाला. बादलीच्या तळाशी ओंजळभर दूध होतं. लंडनहून निघाले तेव्हा हीच डचेस बादली काठोकाठ भरायची!

डचेस म्हणजे बोटीच्या मागच्या डेकवर, लाकडी गोठ्यात बांधलेली जर्सी गाय. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका बड्या शेतकऱ्याकडे पोचवायचं होतं. एनक टॅटलो, डग्गी आणि लायनेल यांच्यासारख्या बेचाळीस पोरांनाही तिकडेच जायचं होतं, शेतीकाम शिकायला. पण यातल्या बहुतेकांनी गाय पाहिली होती ती फक्त दुधाच्या डब्यावरच्या चित्रात!

“पुन्हा ओंजळभर?” मागून गर्जना झाली. पोरांवर देखरेख करणारे बॅगशॉसाहेब आले होते. त्यांच्या चहाला लागणारं दूध डचेसचंच असायचं, त्यामुळे गेले आठ दिवस त्यांचा पारा चढलेलाच होता. “टॅटलो! गाईची जबाबदारी तुझी. दूध कोण चोरतंय?”

“माहीत नाही, सर.”

“मला गाईंमधलं सगळं कळतं! फ्रीमँटल बंदर येण्याआधी चोर सापडला नाही, तर तुझ्या शिफारशीच्या कागदावर लिहीन, ‘विश्वासू नाही’. बघू, कोण शेतकरी तुला ठेवून घेतो ते!”

साहेब तरातरा निघून गेले. एका शेतकऱ्याने दोन मुलं मागितली होती आणि तिथे एनकचं आणि डग्गीचं नाव लागलं होतं. एवढ्या लांबच्या मुलखात डग्गी शेजारी असणार, या एका गोष्टीवर तर तो घरचं फाटक ओलांडून निघाला होता. आईलाही त्याने तेच सांगितलं होतं, आणि मगच तिने डोळे पुसले होते.

“रडू नकोस हां,” डग्गी म्हणाला. “चोर पकडू!”

“मी कुठे रडतोय? गाईने शेपटी मारली डोळ्यात!”

चष्मेवाल्या लायनेलने भटारखान्यातून कागदभर पीठ आणलं. नाश्त्यानंतर तिघांनी चोराची पावलं उमटावीत म्हणून ते गोठ्याभोवती पसरलं आणि दोराच्या वेटोळ्यांमागे दडून बसले. ऊन मी म्हणत होतं. कोलंबो मागे पडून तीन दिवस झाले होते, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

“मला भूक लागली,” डग्गी कुजबुजला.

“आत्ताच तर तीन अंडी खाल्लीस!”

“ती सकाळची भूक होती. ही दुपारची.”

“श्श! कोणीतरी येतंय!”

पावलं वाजली. हातात बादली घेऊन, चोरासारखे इकडेतिकडे बघत आले... बॅगशॉसाहेब!

“अरेच्चा!” लायनेलचा चष्माच घसरला.

“या पोरांना काढता येत नाही, दुसरं काय,” साहेब पुटपुटत होते. “आता बघा.” त्यांनी स्टूल ठेवलं ते डचेसच्या डाव्या बाजूला. तिला सवय उजवीकडून दूध काढून घ्यायची! तिने एकदा मान वळवून पाहिलं. साहेबांनी खस्सकन ओढलं मात्र, धाड! बादली उडाली, स्टूल उडालं आणि साहेब पिठात उताणे!

“वाचवा!”

तिघं धावले. एनकने डचेसला शांत करायला तिच्या फुगलेल्या कुशीवर दोन्ही हात टेकले. आणि तो जागच्या जागी थिजला. आतून कोणीतरी त्याच्या तळहाताला ढुशी दिली होती. पुन्हा दिली!

“डग्गी! इथे हात लाव!”

“ओय! हे काय हललं?” डग्गीचे डोळे विस्फारले. “आत कोण आहे?”

एनकला आठवलं, धाकटी बहीण व्हायच्या आधी आईनेही त्याचा हात असाच पोटावर ठेवला होता.

आरडाओरडा ऐकून कप्तानसाहेब येऊन पोचले. पांढरेफटक बॅगशॉसाहेब पाहून त्यांनी मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं. “काय चाललंय?”

“दुधाचा चोर सापडला, सर,” एनक धापा टाकत म्हणाला. “पण त्याला पकडता येणार नाही. तो अजून जन्मायचाय!”

कप्तानांनी गाईची कूस चाचपली आणि भुवया उंचावल्या. “बॅगशॉ, गाय पाठवणाऱ्या मालकाचं पाकीट तुमच्याकडे दिलं होतं ना?”

साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. त्यावरची लाखेची मोहोरही फुटलेली नव्हती! “म्हणजे... मला गाईंमधलं सगळं कळतं, म्हणून...”

कप्तानांनी ते फोडून मोठ्याने वाचलं, “‘गाय गाभण आहे. दूध आटू लागेल. ते आटू द्यावं, काढू नये. बळ वासराला लागतं.’” त्यांनी कागदाची घडी केली. “चाळीस मुलांना शेतीचे धडे देता ना तुम्ही?”

“बेचाळीस,” साहेब पुटपुटले. नाकावरचं पीठ उडालं.

फ्रीमँटलच्या धक्क्यावर दोन मुलं न्यायला गाडी घेऊन आलेला शेतकरी एनकचा कागद बराच वेळ वाचत होता. बॅगशॉसाहेबांनी तो आपल्या हातानेच लिहिला होता. त्यात होतं, “या मुलाचा हात जनावराला आवडतो. मी पुस्तकं वाचली, त्याने गाय वाचली.”

“माझ्याकडे अकरा गाई आहेत,” शेतकरी शेवटी म्हणाला, “आणि त्यांतल्या चार गाभण. तुमच्यातला एनक कोण?”

“मी, सर.”

“आणि मी डग्गी! जेवण किती वाजता असतं?”

शेतकरी खो खो हसला. त्याने दोघांच्या पेट्या एकाच वेळी उचलल्या आणि गाडीत शेजारी शेजारी ठेवल्या.