जोडीतली महोगनी

मी झाडं तपासतो. म्हणजे म्हातारं झाड आतून पोकळ झालंय का, कुणाच्या अंगावर पडेल का, एवढं बघून सांगायचं. त्या दिवशीही त्याच कामाला गेलो होतो, आणि तेही घरचंच काम म्हणून. वनविद्या शिकवणाऱ्या एका जुन्या कॉलेजात माझा धाकटा मेहुणा इमारतींची देखभाल बघतो. "दाजी, चहा माझ्याकडून. पण आजच्या आज हो की नाही ते सांगा," असं फोनवर म्हणाला होता.

प्रश्न एका महोगनीचा होता. त्या आवारातल्या नावाजलेल्या झाडांना पितळी पाट्या आहेत. हिच्या पाटीवर 'जोडीतली' एवढंच कोरलेलं. शेजारचं दगडी सभागृह बांधताना दुसरी मध्ये येत होती, म्हणून ती तोडली. पण इतकं देखणं लाकूड टाकवेना, म्हणून तिचंच खोड तासून सभागृहाच्या मधोमध खांब उभा केला. आता उरलेली छपराकडे झुकली होती. सुट्टी संपली की मुलं त्याच छपराखाली बसणार होती.

दुपारची वेळ. आम्हा दोघांशिवाय आवारात चिटपाखरू नव्हतं, वारा पडलेला. मी लाकडी हातोडीनं खोडावर ठोकत, डॉक्टरांसारखी नळी कानाला लावून ऐकत होतो. खोड भरीव वाटत होतं. तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

मी हातोडी खाली केली. पुन्हा नळी टेकवली. बाक सरकल्याचा आवाज. मग फळ्यावर खडू चालल्यासारखी टकटक...

"सभागृहात वर्ग आहे का रे?" मी मेहुण्याला विचारलं.

"सुट्टीत? कुलूप आहे, दाजी."

त्यानं कुलूप काढून दाखवलं. आत धूळ, बंद खिडक्यांचा कोंदट वास, बाक भिंतीशी रचून ठेवलेले. खरं सांगायचं तर तोवर मला भीती अशी वाटलीच नव्हती. उलट मजा वाटत होती. मी सहज नळी त्या खांबाला लावली. आणि खांबात वारा होता! पानं सळसळत होती, एखादी वाळकी फांदी कुरकुरत होती. बाहेर तर एक पान हलत नव्हतं.

मेहुण्यानं नळी माझ्या हातातून ओढलीच. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे झाले.

"दाजी, अदलाबदल झालीय! याचं तिला, तिचं याला..."

"बघू या तरी," मी म्हणालो. "तू इथेच थांब, काहीतरी बोल. मी झाडापाशी जाऊन ऐकतो."

त्यानं नुसता कान खांबाला टेकवला. मी नळी घेऊन बाहेर आलो, ती खोडाला लावली. त्याच्या चपला फरशीवर घासल्या. त्यानं घसा खाकरला. "हॅलो, दाजी, ऐकू येतंय का? ताईला सांगा, भावाला नोकरीत बढती मिळाली!" मला हसू फुटलं.

मग त्याच्याहून लांब, खोलीच्या कोपऱ्यातून यावा तसा, एक दबका आवाज आला.

"हळू बोल... तो ऐकतोय."

आणि एकदम बाक सरकले. एक नव्हे. वर्गात कुणी मोठं आलं की सगळे मिळून उठतात ना, तसे.

मी नळी फेकून आत धावलो. आत सगळं जसंच्या तसं. बाक भिंतीशीच, धुळीत फक्त आमच्याच पावलांचे ठसे. मेहुणा खांबाला कान लावून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. मला बघताच दचकला; मी दारात कसा, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. माझं मनगट धरून बाहेर आला, कुलूप लावलं.

कँटीनच्या पायरीवर बसल्यावर तो बोलला.

"तुम्ही झाडापाशी कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशीच नाही. तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तुमचाच आवाज होता, दाजी. कुणीतरी विचारत होतं आणि तुम्ही उत्तरं देत होतात. अगदी आज्ञाधारकपणे."

"काय विचारत होतं?"

"नाव. मग घरी कोण कोण. ताईचं नावसुद्धा सांगितलंत... मग विचारलं, परत कधी येणार."

"मी काय म्हणालो?"

"तारीख सांगितलीत. साल नाही."

"कोणती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कपाकडे. "चहा गार होतोय, प्या," म्हणाला.

झाड भरीव होतं. भरीव झाडाला पोकळ कसं म्हणू? तसंच सांगितलं आणि ते राहिलं. झुकलेल्या फांद्या तेवढ्या उतरवल्या. वर्ग मेहुण्यानं काहीबाही कारण काढून दुसऱ्या इमारतीत हलवले. तारीख मात्र त्यानं आजतागायत सांगितलेली नाही. मी रागावलो, गयावया केली, त्याच्या बहिणीकडून विचारवलं. ढिम्म.

फक्त दरवर्षी पावसाळा संपता संपता त्याच एका दिवशी तो न कळवता आमच्याकडे येतो. अंधार पडेपर्यंत माझ्याजवळून हलत नाही. मी भाजी आणायला निघालो तरी पायात चपला सरकवून मागे येतो. दिवस मावळला की हसतो, दोन घास खातो आणि जातो. आम्हीही आता विचारत नाही.

काल तो आला. या वेळी पहिल्यांदाच मोठी बॅग घेऊन. हिनं विचारलं तर म्हणाला, "ताई, या वर्षी थोडे दिवस राहतो."

आणि रात्री त्यानं आपली गादी आमच्या बाहेरच्या दाराला आडवी घातली.