आतला बूट

हे खरं आहे. रचायचंच असतं तर मी याहून बरं भूत रचलं असतं. पटत नसेल तर इथेच थांबा. कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

माझं गॅरेज आहे. समोर टायरवाला, मागे भिंत. त्या भिंतीला लागून ताईची गाडी उभी आहे.

आत्ताही.

गाडी मूळची भावोजींची. हौस दांडगी. कंपनीचा गिअरचा दांडा काढून बाहेरून मागवलेला आखूड दांडा त्यांनी बसवला. स्वतः. व्हिडिओ बघून.

व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत, हरामखोर. दांड्याला रबरी बूट दोन असतात. वरचा दिसतो, तो सगळे मिरवतात. आतला दिसत नाही. दांड्यासाठी तळाच्या पत्र्याला मोठं भोक असतं, ते तो बुजवतो. दांडा जोडायच्या आधीच तो घालावा लागतो.

भावोजींनी सगळे बोल्ट आवळले. मग त्यांना बूट बाहेरच पडलेला दिसला.

"जाऊ दे मेव्हणे, आतलं कोण बघतंय?"

"अहो भावोजी, खालून धूर येईल."

"मग काच उघडू की! तू गॅरेजवाला आहेस का सासूबाई?"

पुढे कधीतरी गाडीखालचा सायलेन्सरचा पाइप फुटला. उन्हाचे दिवस. ताईची वाट बघत भावोजी गाडीत बसले. काचा बंद, एसी चालू.

बसलेलेच सापडले.

ताई तीच गाडी चालवायला लागली. मी आधी पाइप बदलला. मग दांडा खोलला. बुटाची कड साबणाच्या पाण्यात ओली केली आणि बोटाने फिरवत फिरवत पत्र्यावर चढवली. पक्की. गाडीतला घोंघाट एकदम थांबला.

ताई चक्कर मारून आली ती रडवेलीच.

"काय केलंस रे?"

"भोक बुजवलं."

"म्हणूनच ऐकू येत नाहीत..."

"कोण?"

ती गाडी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बूट निघालेला होता.

नवा आणून बसवला. तोही निघाला.

"ताई, तू काढतेस?"

"माझी नखं बघ."

नखं स्वच्छ होती. आणि कड वरून ओढलेली नव्हतीच. ती खालून ढकलली होती... तिथे गिअरबॉक्स असतो. हात जायला जागा नाही.

मी चावी काढून घेतली. चावी एकच होती.

त्या रविवारी संध्याकाळी ताईकडे गेलो. अजून चांगला उजेड होता. बेल वाजवली. कुणी नाही. खाली गाडीपाशी आलो.

काचा बंद.

ताई आत. बाजूच्या सीटवर. डोळे मिटलेले.

ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली... भावोजींचे पाय लांब होते.

ताईच्या बाजूच्या दाराचं कुलूप कधीचं बिघडलंय, म्हणून दार नुसतं ओढल्यावर उघडलं. धूर तोंडावर आला. ताईला ओढून बाहेर काढली. मग बॉनेटवर हात ठेवला.

गार.

चावी माझ्या खिशात.

शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली असेल?

"तू सारखं बंद करतोस. त्यांचा जीव गुदमरतो रे तिथे."

गाडी ओढून गॅरेजला आणली. भंगारात घाल, असं टायरवाला म्हणतो. त्याच्या बापाचं काय जातंय? ताई कागदावर सही करत नाही.

सकाळी बूट निघालेला असतो. मी बसवतो. बायको म्हणते, "हात लावू नका त्या गाडीला." न लावून कसं चालेल? भोक उघडं राहिलं की तिकडे घरी ताईचं डोकं धरतं. गाडी इथे, ती तिथे, मधे अर्धं शहर.

दाबताना खालून काहीतरी उलटं दाबतं. मऊ... आणि गरम.

मागच्या आठवड्यात मात्र कड सहज बसली. खालून काहीच नाही. सकाळी बघितलं, जशीच्या तशी. आनंद व्हायला हवा होता.

तडक ताईकडे गेलो. तिने हसून दार उघडलं. कितीतरी दिवसांनी.

घरातल्या सगळ्या खिडक्या बंद. आत सायलेन्सरच्या धुराचा वास.

"उघडू नकोस रे. आता कुठे स्थिरावलेत."

मी उघडल्या. तेव्हापासून रोज गॅरेज बंद करून तिच्याकडे जातो, खिडक्या उघडतो. दुसऱ्या दिवशी त्या बंद. माझ्या घरी चल म्हटलं, तर येत नाही. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय. घरात धूर कुठून येतो, ते डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी माझाच रक्तदाब बघितला.

काल ताई म्हणाली, "किती दमलास. बस की घटकाभर."

बसलो. अंग खरंच मोडून आलं होतं.

बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार होता, खिडक्या लागलेल्या होत्या...

आणि माझं डोकं दुखत होतं.