फ्यूजच्या जागची तार

ही गोष्ट ऐकीव नाही. माझी आहे. रचून सांगायची असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार, तीनचा सुमार. जागा दादाच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, तिसरा मजला. दादाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

मी कॉफी मशीन दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. दादाकडे घरगुती एस्प्रेसो मशीन होतं, त्याचा जीव की प्राण. गेल्या वर्षी ते तापेना, म्हणून मी उघडलं. आतला फ्यूज उडाला होता. बोटाच्या पेराएवढी वस्तू. मशीन हद्दीबाहेर तापलं की हा उडतो, मशीन बंद पडतं आणि माणूस वाचतो.

माझ्याकडे तेव्हा फ्यूज नव्हता. मी त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडला.

"आठवड्यात येऊन बदलतो," म्हणालो.

गिऱ्हाइकाकडे मी असं कधीच केलं नसतं. पण घरचंच तर काम! फ्यूज आला आणि माझ्या बॅगेत पडून राहिला. दादाने दोनदा आठवण करून दिली. मी दोनदा वेळ मारून नेली.

मग एका सकाळी तापणं थांबवणारा थर्मोस्टॅट चिकटला. मशीन तापतच गेलं. दादाने कॉफीची पूड भरायचं हँडल फिरवून काढलं आणि उकळतं पाणी, वाफ... सगळं तोंडावर, छातीवर.

हॉस्पिटलमधून तो परत आला नाही.

त्या सकाळी वहिनी आधी कॉफी करून ऑफिसला गेल्या होत्या. सगळे म्हणाले, बटण तिनेच चालू ठेवलं. आईने तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

बटण चालू राहिलं असेलही. बटण चालू राहून माणूस मरत नाही. फ्यूज नसला तर मरतो.

हे एकट्या मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

त्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भावजी, मशीन बघून जाता का? आता ते तापतच नाही."

गेलो. ओट्यावर मशीन पुसून ठेवलेलं होतं.

"मला कॉफी नकोय हो," वहिनी म्हणाल्या. "मी बटण बंद केल्याचं मला पक्कं आठवतंय. चूक मशीनची होती का माझी, एवढंच बघून सांगा. रात्र रात्र डोळा लागत नाही."

चोराच्या मनात चांदणं. "बघतो. तुम्ही बाहेर बसा," म्हणालो.

आधी तार काढली आणि खिशात टाकली. मग थर्मोस्टॅट बदलला, नवा फ्यूज बसवला. मीटर लावला. बीप. फ्यूज चांगला.

मशीन चालू केलं.

पाच मिनिटं... दहा...

पाण्याचा आवाज नाही. काहीच नाही.

पुन्हा मीटर लावला. बीप आलाच नाही.

फ्यूज उडाला होता.

पाणी उकळून पार पुढे जाईपर्यंत न उडणारा फ्यूज! मी बॉयलरवर हात ठेवला...

गारठलेला.

दुसरा फ्यूज. उडाला.

तिसरा. तोही उडाला.

बॉयलर तसाच गार.

आणि मग मांडीला काहीतरी कोमट लागलं.

खिशात हात घातला. तार होती. तापलेली.

मी ती बाहेर काढली, तेवढ्यात दारात वहिनी. मी मूठ आवळली.

"कळलं का काही?"

मुठीत तार तापत होती... मूठ उघडली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं. माझ्या हाताची आग आणि त्यांच्या मागची बोलणीसुद्धा.

"बटण चालू राहिल्याशिवाय मशीन तापत नाही, वहिनी," मी म्हणालो.

शब्दांत खोटं काही नव्हतं. नीचपणा तेवढा होता.

वहिनी इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "काही जळतंय का हो?"

माझा तळहात जळत होता.

संध्याकाळी आईचा फोन. आवाज कधी नव्हे तो हलका. "आली होती. पाया पडून कबूल केलं तिने. माझ्याच हातून झालं म्हणाली. सुटले रे बाबा मी!"

मी "हं" म्हणालो.

याला चार महिने झाले. तारेएवढा, सरळ रेषेचा तो फोड अजून सुकलेला नाही. डॉक्टरांनी तीन औषधं बदलली. परवा चिडून म्हणाले, "दर वेळी ताजाच कसा दिसतो? रोज कशावर हात ठेवता?"

मी कशावरच ठेवत नाही. सकाळी उठतो तेव्हा मूठ आवळलेली असते, एवढंच.

हाताची चौकशी एकट्या वहिनीच करतात. गेल्या आठवड्यात त्यांनी भाजल्यावरचं मलम पाठवलं, दादाच्या वेळचं उरलेलं.

ट्यूब जवळजवळ भरलेली आहे. दादाला ते नऊच दिवस लागलं.