बोर्डाला मिळालेली उसंत

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तिने हातातला सर्किट बोर्ड दाखवला. "हा बघा. ज्याने केलाय त्याने नक्की झोपेत केलाय."

"झोपेत नाही... ताप होता," तो म्हणाला. "मीच केलाय."

पुढचे दोन मजले लिफ्ट फारच सावकाश चढली.

तिचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं – म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्र यांची बोलणी जुळवून देणारा प्रोग्रॅम. यंत्र होतं सलाइनचा पंप. त्यातल्या या बोर्डावरचा सेन्सर कधी उत्तर द्यायचा, कधी मिठाची गुळणी धरून बसायचा. दोष बोर्डाचा ठरला, तर संध्याकाळच्या बैठकीत बोर्ड बाद, आणि बोर्डवालाही कामावरून बाहेर. ड्रायव्हरचा ठरला, तर ती बाहेर.

"दाखवा तरी," म्हणत त्याने तिच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

तिने प्रोग्रॅम चालवला. सेन्सर सुतासारखा सरळ.

"मला बघून लाजला."

"लाडात येऊ नका. थांबा –"

तपासणीपुरत्या तिने काही ओळी पडद्यावर उमटवल्या होत्या. 'सेन्सरला उठवलं.' 'आता विचारतेय.' त्या काढल्या. सेन्सर मुका. परत घातल्या... बोलला.

"तुम्ही त्याला उठवता आणि लगेच प्रश्न विचारता?"

"मग काय, चहा पाजू?"

"चूळ तरी भरू द्या बिचाऱ्याला."

तिची कानशिलं तापली. त्या ओळी उमटायला जो वेळ लागायचा, तेवढीच सेन्सरला उसंत मिळत होती. ओळी गेल्या की उसंतही जायची. तिने एकच सूचना लिहिली – उठवल्यावर पन्नास मायक्रोसेकंद थांब. पापणी लवायच्या कितीतरी आधी संपणारं थांबणं ते. सेन्सर दुपारभर बोलत राहिला.

बैठकीत ती उभी राहिली. "बोर्ड चांगला आहे. चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती. दुरुस्त केलीय."

"बरं," साहेब म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले. एवढंच. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

बाहेर जिन्यापाशी तो उभा होता.

"तुम्ही गप्प राहिला असतात, तरी मी बोलणार नव्हतो."

"वेडे आहात का? तुम्हाला काढलं असतं."

"आणि बोललो असतो तर तुम्हाला. मग मी इथे राहून... कुणाशी भांडलो असतो?"

तिने कठडा घट्ट धरला. हसू मात्र आवरेना.

"हे आधी सांगायचं. दुपारी घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"माझ्याही."

"मग चल ना... भूक लागलीय," ती म्हणाली. आपण 'चला' म्हणालो नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.