सान रोक्कोची कडी

चिमटा

पहाट फुटत होती. एड्रियाटिक समुद्राच्या राखी पाण्यात सान रोक्कोचे बेट अंग आखडून बसल्यासारखे दिसत होते, आणि त्याच्या तटावरचे बंदूकवाले समुद्राकडे पाठ व आतल्या अंगणाकडे तोंड करून उभे होते. या ठाण्याचा शत्रू नेहमी आतच असे. पूर्वेकडून येणारे प्रत्येक जहाज व्हालारा नगरात शिरण्याआधी आपली माणसे आणि माल इथे उतरवी. माणसे कोठड्यांत राहत, माल पडव्यांत उघडा पडे, आणि चाळीस दिवसांत गाठीच्या तापाने कोणी दगावले नाही, तरच नगराचा दरवाजा त्यांना उघडे.

माल शुद्ध आहे की नाही, हे कळणार कसे? त्याची रीत होती. हमाल बाह्या खांद्यापर्यंत सारत आणि लोकरीच्या, कापसाच्या, रेशमाच्या गासड्यांत उघडे हात घालून माल रोज उलटा-सुलटा करत. हमाल जगला तर माल शुद्ध. हमाल मेला तर गासडी जाळायची.

त्या पहाटे याकोव्ह नावाचा हमाल कोठडीत तापाने बरळत होता. त्याच्या उजव्या काखेत अक्रोडाएवढी गाठ आली होती.

त्याच पहाटे धक्क्याला राजनौका लागली. नगराच्या मंडळाचा हुकूम घेऊन आलेल्या कारकुनाने तो लांब लोखंडी चिमट्यात धरून दाराच्या जाळीतून आत सारला. बेनवेनुताने, म्हणजे या ठाण्याच्या अधिकारी बाईने, आपल्या चिमट्याने तो घेतला, शेगडीतल्या जुनिपरच्या सुवासिक लाकडाच्या धुरावर धरला, व्हिनेगर शिंपडले आणि वाचला. तिचा नवरा याच ठाण्याचा अधिकारी होता. मागच्या साथीत तो गेला आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला. तिला कामावरून काढायचे राहून गेले, असे नगरात म्हणत.

हुकूम असा होता, की श्रीमंत लोद्रिसियो कोर्व्हो यांच्या जहाजातले रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही खुद्द श्रीमंतांनी दिली आहे, सबब ते मुदतीआधी मोकळे करावे. अडवणूक करणाऱ्यास धक्क्यावर फाशी.

घाई कशाची, ते साऱ्या व्हालाराला ठाऊक होते. नगरप्रमुखाच्या मुलीचे लग्न लोद्रिसियोशी ठरले होते. म्हातारा सासरा थकला होता, त्याची खुर्ची जावयाकडे जाणार होती, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांत भरावे म्हणून लग्नाच्या दिवशी चर्चपासून राजवाड्यापर्यंतचा रस्ता पूर्वेच्या रेशमाने मढवायचा बेत होता. म्हणजे ज्या गासडीत याकोव्हचे हात गेले होते, ती उलगडून साऱ्या नगराच्या पायांखाली अंथरायची.

हात

लोद्रिसियो स्वतः आला होता. बरोबर धाकटा भाऊ आस्कानिओ, आणि मागे होड्यांतून लग्नघरची मंडळी. तो भित्रा नव्हता, मूर्खही नव्हता. त्याचा बाप गाठीच्या तापानेच गेला होता, आणि त्यानंतर नगराच्या आरोग्य मंडळाचा प्रमुख होऊन या बेटाचे कडक नियम त्याने स्वतः लिहिले होते. पण नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे हमाल होते, खलाशी होते, लबाड व्यापारी होते. आपण स्वतः नव्हतो.

बेनवेनुताने जाळीचा दरवाजा उघडला. गुडघ्यातून किंचित वाकून तिने सांगितले, की हुकूम तिला मान्य आहे, गासड्या समोर अंगणातच आहेत. मात्र त्या उलटणारा एक हमाल आजारी पडला आहे, हे श्रीमंतांनी ऐकून घ्यावे.

लोद्रिसियोने विचारले, की त्याला वैद्याने पाहिले आहे काय.

वैद्यबुवांनी धक्क्यावरून पाहिले, असे ती म्हणाली. तिथूनच त्यांनी दारूचा ताप असल्याचे लिहून दिले.

होड्यांत कोणीतरी हसले. लोद्रिसियोचा चेहरा बदलला नाही.

"बाई, हुकूम वाचलात. आता बाजूला व्हा."

"होते, सरकार. फक्त आपल्याच नियमातली एक गोष्ट राहिली. मुदतीआधी माल शुद्ध आहे अशी जो ग्वाही देईल, त्यानं चारचौघांसमोर आपला उघडा हात खांद्यापर्यंत गासडीत घालावा. हे कलम आपलं आहे."

तटावरचे बंदूकवालेही आता खाली पाहू लागले होते.

"हमालांचं काम मी करू?"

"करू नका. मी तर म्हणते, हात घालूच नका," बेनवेनुता म्हणाली. तिचा आवाज धक्क्यापर्यंत पोचत होता, आणि तो पोचावा म्हणूनच ती बोलत होती. "याकोव्हच्या काखेत गाठ आहे. मी स्वतः पाहिली आहे. हात घातला नाहीत तर गासड्या इथं राहतील, आपण घरी जाल, लग्न साध्या रस्त्यावरून होईल. मला फाशी द्यायची तर उद्याही देता येईल."

पडवीत तोदोर उभा होता. याकोव्हचा जोडीदार, तीच गासडी त्यानेही उलटली होती. तो अदबीने म्हणाला, "सरकार, डावा हात घाला. उजवा लग्नात लागेल."

या वेळी होड्यांतले हसू मोठे होते, आणि ते कोणावर आहे हे लोद्रिसियोला कळले. मागे फिरावे, तर उद्याच्या नगरप्रमुखाला एका बाईने आणि एका हमालाने धक्क्यावरून परत लावले, ही गोष्ट त्याच्याआधी नगरात पोचणार. पुढे जावे तर ती गासडी, आणि तिच्यापलीकडे, कोठडीच्या बंद दाराआड, कोणीतरी आईला हाका मारत होते.

तो दारातून आत अंगणात आला आणि त्याने अंगरखा उतरवला. आतल्या बंडीची मखमली बाही सुटेना, तेव्हा ती टरकन फाडली.

उजवाच हात घातला.

खांद्यापर्यंत. गाल रेशमाला टेकला. क्षणभर त्याने डोळे मिटले, मग हात बाहेर काढून होड्यांकडे वळून उंच धरला, आणि होड्यांतून जयजयकार उठला. त्या गोंगाटात दरवाजाची कडी पडली. ती फक्त जवळच्यांनी ऐकली.

कडी

"बाई, दार उघडा."

"मुदत संपली की उघडीन, सरकार. मालाला ज्याचा हात लागला तो मालाबरोबर आत. त्याच्या पुढचंच कलम आहे."

आस्कानिओ ओरडला, दार फोडा म्हणाला. लोद्रिसियो दाराकडे दोन पावले गेला आणि वर तटावर बंदुकांचे घोडे चढवल्याचा आवाज झाला. पहाऱ्याचा नाईक पांढराफटक पडला होता. पण माल हाताळलेला कोणीही, तो कोणीही असो, दाराबाहेर पडू लागला तर त्याच्यावर गोळी झाडावी, हा हुकूम त्याला तोंडपाठ होता. त्याखाली सही लोद्रिसियोचीच होती.

लोद्रिसियो थांबला. त्याने त्या नाईकाकडे बराच वेळ पाहिले. मग तो पडवीत जाऊन गासडीवर बसला.

याकोव्ह त्याच दिवशी मावळतीला गेला. बेनवेनुताने त्याला कळीच्या चुन्यात पुरले. तिने कोणाला मदतीला बोलावले नव्हते. लोद्रिसियो उठून आला आणि दुसरे फावडे त्याने उचलले. पुढे तोदोर पडला, तेव्हा पाणी पाजायला कोण बसले होते, हे ठाण्यात सगळ्यांनी पाहिले. शेवटच्या शुद्धीत तोदोरने त्याला विचारले म्हणतात, की लग्न झालं का सरकार. आणि लोद्रिसियो म्हणाला, तू बरा झालास की करू, करवला म्हणून तूच ये. तोदोर बरा झाला नाही.

नगरात मात्र मंडळाची बैठक झाली. सासऱ्याच्या मंडळींचे म्हणणे पडले, की श्रीमंत अजून जिवंत आहेत, अर्थात माल शुद्धच होता, अर्थात त्या बाईने एका सरदाराला कैद केले.

पुन्हा चिमटा

मुदत संपण्याआधीच राजनौका परत आली. आस्कानिओ धक्क्यावर उतरला, नव्या अंगरख्यात. कारकुनाने नवा हुकूम चिमट्यात धरून जाळीशी आणला: माल शुद्ध, श्रीमंत शुद्ध, दोघांनाही मोकळे करावे, बाईला बेड्या घालाव्या.

बेनवेनुताने आपला चिमटा उचललाच नाही. तिने कडी काढली, दरवाजा सताड उघडला आणि तटाकडे पाहून नाईकाला बंदुका खाली करायला सांगितले. नाईकाने केल्या.

"सगळं शुद्ध आहे असं मंडळ म्हणतं," ती म्हणाली. "मग चिमटा ठेवा, कारकून. कागद हातात द्या."

कारकुनाने आस्कानिओकडे पाहिले. चिमटा तसाच राहिला.

"श्रीमंत, आपण जा. आपले बंधू न्यायला आले आहेत. त्यांनी आपला हात धरावा आणि होडीत न्यावं. मी अडवणार नाही."

लोद्रिसियो दारापर्यंत आला. दाढी वाढलेली, एक बाही फाटलेली. त्याने तोच हात पुढे केला.

"आस्कानिओ."

आस्कानिओ मागे सरला. एक पाऊल, मग आणखी एक; टाच धक्क्याच्या कडेला लागली तेव्हा तो थांबला. त्याच्या तोंडून काही शब्द येऊ पाहत होते, आईचे नाव, लग्नाचे काहीतरी, पण हात त्याने दोन्ही पाठीमागे धरले होते.

लोद्रिसियोचा हात तसाच हवेत होता. मग तो त्याने दाराच्या लाकडावर ठेवला.

"घरी सांग," तो म्हणाला, "की मी कामावर आहे."

दरवाजा त्याने ओढून घेतला.

नंतर

रेशीम जाळले गेले. तीन गासड्यांचा धूर नगरातून दिसला आणि लग्नघरच्या बायका गच्चीवर उभ्या राहून तो पाहत राहिल्या. ते लग्न मोडले. खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली. व्हालारात त्या वर्षी गाठीचा ताप आला नाही, आणि जी साथ आलीच नाही तिचा पुरावा मंडळापुढे ठेवायचा कुठून? म्हणून बेनवेनुताच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या आणि खटला चाललाच.

सरदारास बळाने कोंडल्याचा आरोप वाचून झाल्यावर अध्यक्षांनी बेनवेनुताला विचारले, की तिला माफी मागायची आहे काय. ती म्हणाली, याकोव्हच्या आणि तोदोरच्या घरी मंडळातर्फे कोणी अजून गेलेले नाही; ते आधी व्हावे, मग माफीचे बघू.

तेव्हा मुदत पुरी करून बेटावरून परतलेल्या लोद्रिसियोला साक्षीला उभे केले. दरवाजा कोणी लावला, एवढेच त्याने सांगायचे होते. तो पुढे आला, अध्यक्षांच्या मेजाशी अगदी जवळ, इतका की दोन सभासद नकळत खुर्च्यांसह मागे झाले. त्याने उजवी बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात मेजावर ठेवला.

"मी लावला," तो म्हणाला. "आता मला आत टाका, नाहीतर बाईंच्या किल्ल्या परत द्या."