खुंटीवर न जुळलेला आकडा

पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. माझ्या सख्ख्या मामाचं आहे हे.

गेल्या वर्षीचा अकरा एप्रिल. कॅनडातल्या यलोनाइफच्या उत्तरेला, हिऱ्याच्या खाणीजवळचं गोठलेलं तळं. दुपारचे तीन. लख्ख ऊन.

मोडेस्टमामा यंत्र लावायचा, मी वहीत आकडे लिहायचो. जमिनीची ओढ मोजायचं यंत्र. खाली जुना ज्वालामुखी गाडलेला असला की त्याचा दगड हलका, म्हणून ओढ कमी भरते. हिरे असले तर तिथेच.

तळ्याच्या मधोमध आकडा घसरला. मामा खूश! त्यानं पाण्याचा मान म्हणून बर्फावर चिमूटभर तंबाखू ठेवली. ते तो कधीच चुकवत नसे.

काम संपलं की काठावरच्या खडकात ठोकलेल्या खुंटीवर पुन्हा मोजायचं. तिथला सकाळचा आणि काम संपल्यावरचा आकडा जुळायलाच हवा. खडक काय कुठे पळून जातो?

त्या दिवशी जुळला नाही...

तळ्याच्या मधोमध जेवढा कमी होता, अगदी तेवढाच इथे कमी.

"मामा, हे बघ काय झालंय."

"शाळेत गणिताच्या तासाला मासे मारायला जायचास ना, त्याचं फळ!"

मग त्यानं स्वतः पाहिलं. हसू गेलं.

तो लघवीला खडकाआड गेला, तेवढ्यात मी पुन्हा मोजलं.

आकडा बरोबर.

तो परत येऊन शेजारी उभा राहिला...

घसरला.

जणू त्याच्या पायाखाली जमीनच नव्हती.

"थंडीनं बिघडलंय यंत्र. खोड तो आकडा," मामा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

आमच्या कामात न जुळणारा आकडा खोडतातच. मी खोडला.

"तळ्याच्या मधे खुणेचा एक झेंडा राहिलाय. आणतो. तू चहा टाक."

"राहू दे ना मामा, उद्या आणू."

"उद्यापर्यंत वारा ठेवतोय होय?"

मी त्याला अडवायला हवं होतं.

सपाट तळं, एकटा चालणारा मामा. किटलीत बर्फ भरायला मी खाली वाकलो, बस्स एवढंच. वर पाहिलं...

कोणी नाही.

पाच फूट जाड बर्फ, ट्रक जातात त्यावरून. ना भेग, ना आवाज. बुटांचे ठसे झेंड्यापर्यंत होते, पुढे नव्हते. मी कुऱ्हाडीनं बर्फ फोडत राहिलो. हात सोलून निघाले. काही, काही करता आलं नाही.

चौथ्या दिवशी तिथे पुन्हा मोजलं. आकडा कमी नव्हता. जणू भोक बुजलं होतं.

रोझालीमामीनं विचारलं, "आधी काही कळलं नव्हतं का रे? वहीत काही?"

मी नाही म्हणालो.

या एप्रिलला दुसरं तळं, नवा जोडीदार. परवा खुंटीवर आकडा घसरला.

"यंत्र गंडलंय. खोड," तो म्हणाला.

मी उठलो. दहा पावलं लांब गेलो.

"अरे, आता बरोबर आला!" तो ओरडला...

तो आकडा मी खोडलेला नाही. घरी कोणी वही उघडलीच, तर तेवढं तरी सापडावं.